क्रिटा : पात्रांच्या अंगावरचे वण रंगवताना

चित्रकलेचं सॉफ्टवेअर निवडताना लोक त्यात ब्रश किती आहेत ते बघतात. मी त्यात एक वण रंगवून बघते. भुवईतून गेलेला जुना वण, भाजलेला हात, खांद्यावर उचलून आलेला केलॉइड, म्हणजे जखमेच्या हद्दीबाहेर वाढलेला वण. एवढ्याशा जागेत रेघ, रंग, पोत आणि उजेड असं सगळं एकदम सांभाळावं लागतं. त्यातलं एक जरी हुकलं तरी वण कातडीचा वाटत नाही, लिपस्टिकने ओढलेल्या रेघेसारखा वर तरंगत राहतो. माझी एक चित्रकथा गेली काही वर्षं क्रिटावर आकार घेते आहे आणि तिच्यातल्या तिन्ही मुख्य पात्रांच्या अंगावर अशा खुणा आहेत. नावाडीण रेवा, लोहार भिवा आणि म्हातारा पहारेकरी यमाजी. हे परीक्षण त्या तिघांच्या अंगाने लिहिते आहे.

आधी ओळखीचं थोडक्यात. क्रिटा मोफत आहे, त्याचा सोर्स कोड खुला आहे आणि ते केडीई या खुलं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या समुदायातून वाढलेलं आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं, अँड्रॉइड टॅबलेटवरही मिळतं. आयपॅडवर मिळत नाही. स्टीम किंवा मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून घेतलं तर पैसे पडतात, पण ते पैसे क्रिटाच्याच कामाला जातात. संकेतस्थळावरून तेच फुकट उतरवून घेता येतं. दाब ओळखणारा पेन टॅबलेट मात्र हवाच. माऊसने वण काढायला जाऊ नका, कारण जखमेची रेघ कुठे सुरू झाली, कुठे खोल गेली आणि कुठे विरली हे सगळं दाबातूनच येतं.

आता मुद्द्याचं. जखम भरून येते तेव्हा शरीर घाईघाईने कोलॅजन या प्रथिनाचे तंतू घालून ती जागा बुजवतं. साध्या कातडीत हे तंतू एकमेकांत आडवेतिडवे विणलेले असतात. वणाच्या जागी ते बरेचसे एकाच दिशेने, समांतर बसतात. तिथे केसांची मुळं नसतात, घामाच्या ग्रंथी नसतात, रंध्रं दिसत नाहीत. म्हणजे चित्रकारासाठी वण ही आधी कातडीतून काहीतरी गेल्याची खूण आहे, आणि रंग ही पुढची गोष्ट. बहुतेक नवखे लोक गुलाबी ब्रश उचलून सुरुवात करतात. मी खोडून सुरुवात करते.

इथे क्रिटा मला सगळ्यात जास्त आवडतं. यात कुठलाही ब्रश हातात असताना ई दाबलं की तोच ब्रश खोडरबर होतो. त्याच टोकाने, त्याच पोताने, त्याच दाबाने. रेवाच्या डाव्या भुवईतून एक वण गेला आहे, ताणलेला दोर तुटून तोंडावर बसला त्याचा. भुवई मी वेगळ्या थरावर (लेअरवर) एकेक केस ओढून काढते आणि मग त्याच केसांच्या ब्रशने, ई दाबून, तिरक्या दिशेने केस काढून टाकते. कडेचे दोनचार केस अर्धवट राहतात, एखादा वाकडा उगवल्यासारखा दिसतो. गुळगुळीत गोल खोडरबराने हे होत नाही. त्याने भुवई वस्तऱ्याने कापल्यासारखी दिसते. रंध्रांचा पोतही मी असाच स्वतंत्र थरावर ठेवते, आणि वणाच्या पट्ट्यापुरता तो पुसते. एवढं केलं की रंगाचा एक थेंबही न लावता तिथे काहीतरी घडून गेलंय हे दिसायला लागतं.

थरांची माझी मांडणी अशी. कातडीचा मूळ रंग सगळ्यात खाली. त्यावर सावल्या, त्यावर रंध्रांचा पोत, मग वणाचा रंग, मग वणाची उंची दाखवणारे उजेडाचे बारीक ठिपके. हे सगळं एका गटात ठेवून वरच्या थरांना ‘इनहेरिट अल्फा’ लावलं की रंग चेहऱ्याच्या कडेबाहेर सांडत नाही. या सोयीबद्दल एक सांगायला हवं: बाकीच्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या माणसाला ती आधी कळत नाही. खालच्या एकाच थराला न चिकटता ती त्या गटातल्या खालच्या सगळ्या थरांची मिळून पारदर्शकता धरते. गट केला नाही आणि तळाला भरलेला पांढरा थर असला, तर काहीच फरक पडलेला दिसत नाही. गट करा, पार्श्वभूमी गटाबाहेर ठेवा, मग चालतं. कंट्रोल, शिफ्ट आणि जी एकदम दाबलं की क्रिटा असा गट आपणहून बांधून देतं.

रंगाबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण वण रंगवण्याच्या बहुतेक शिकवण्या गोऱ्या कातडीवर घेतलेल्या असतात. ताजा वण लाल, मग गुलाबी, मग पांढरट, संपलं. माझी तिन्ही पात्रं सावळी ते गडद आहेत. गडद कातडीवर ताजा वण जांभळट तपकिरी दिसतो. जुना वण पुष्कळदा आजूबाजूपेक्षा जास्त काळपट होतो, कधी उलट फिकट पडतो, आणि कधी मध्ये फिकट नि कडेला काळपट अशी दुहेरी रेघ राहते. तिथे तयार गुलाबी छटा लावली की ती कातडीवर बसत नाही, वरून चिकटवलेली दिसते. मी रंग नेहमी त्याच चेहऱ्यातून उचलते. कंट्रोल दाबून गालावरचा सावलीचा रंग उचलायचा, रंगचक्रावर त्याला किंचित लालाकडे सरकवायचं, थोडा गडद करायचा आणि खालचा रंग गडद करणाऱ्या ‘मल्टिप्लाय’ थरावर अगदी हलक्या दाबाने लावायचा. फिकट वणासाठी उजेडाचा रंग उचलून त्यातला लालपणा कमी करायचा आणि ‘सॉफ्ट लाइट’ थर घ्यायचा. शुद्ध पांढरा मी वापरत नाही. गडद चेहऱ्यावर तो खडूसारखा ओरडतो.

रंग बरोबर आहे की नुसता भडक आहे हे तपासायला सगळ्यात वर एक करड्या रंगाने भरलेला थर ठेवते आणि त्याची मिश्रणपद्धत ‘कलर’ करते. सगळं चित्र कृष्णधवल होतं. त्यात वण पूर्ण नाहीसा झाला तर तो फक्त रंगावर उभा होता, उजेड-सावलीत त्याला जागाच नव्हती. तो काळपट वण असेल तर कृष्णधवलातही काळपट दिसायला हवा. हा थर बंद-चालू करायला एक टिचकी पुरते, म्हणून दर थोड्या वेळाने बघून घेते.

चित्रकथेत काळ पुढे सरकतो, आणि तिथे थरांचा खरा उपयोग कळतो. वणाचा लालपणा काही महिने टिकतो आणि पुढे वर्ष-दोन वर्षांत हळूहळू ओसरतो. रेवाचा वण पहिल्या भागात ताजा आहे. त्याची लाली मी स्वतंत्र थरावर ठेवली आणि जसजसे भाग पुढे गेले तसतशी त्या थराची अपारदर्शकता उतरवत आणली, सोबत फिकट थराची थोडी चढवली. वाचकाला कोणी सांगत नाही की पावसाळा जाऊन वर्ष झालं. तिच्या भुवईकडे बघून कळतं. हे मी कागदावर करू शकले नसते.

वणाची दिशा हा असाच दुर्लक्षित विषय. कातडी सगळ्या बाजूंनी सारखी ताणलेली नसते. ऑस्ट्रियन शरीररचनातज्ज्ञ कार्ल लँगर यांनी मृतदेहांच्या कातडीला गोल भोकं पाडून पाहिली, ती लांबट झालेली दिसली, आणि त्यावरून त्यांनी १८६१ मध्ये या ताणाच्या रेषा मांडल्या. ताणाच्या रेषेला समांतर चीर बारीक भरून येते, आडवी चीर फाकते आणि रुंद वण सोडते. शस्त्रक्रियेची चीर कुठून द्यायची हे ठरवताना अशा रेषांचा विचार होतो. तलवार तो करत नाही. म्हणून लढाईतला वण अनेकदा रुंद, ओबडधोबड हवा आणि शस्त्रक्रियेचा बारीक. क्रिटात संदर्भचित्रं ठेवायला वेगळं अवजार आहे. चित्र कॅनव्हासच्या बाजूला टाकायचं, हवं तेवढं मोठं करायचं, ते छापील चित्रात येत नाही आणि फाइलीबरोबर जपलंही जातं. ताणरेषांचं एक रेखाटन मी तिथे कायम ठेवलेलं असतं, आणि सोबत माझ्याच कोपराजवळच्या वणाचे खिडकीच्या तिरप्या उजेडात काढलेले फोटो. समोरून उजेड असला की तो वण जवळजवळ दिसत नाही. कडेने उजेड पडला की त्याची एक कड चमकते आणि दुसरी सावली टाकते. चित्रात उजेड कुठून येतोय हे ठरवल्याशिवाय वणाला हात लावू नये, हे मी त्या फोटोंवरून धरलं आहे.

टाक्यांचंही तेच. चित्रांत जिथे तिथे वणावर आडव्या रेघा दिसतात, शिडीसारख्या. त्या टाके घट्ट घातले किंवा फार दिवस ठेवले की राहतात. आतून घातलेल्या टाक्यांच्या तशा खुणा पडत नाहीत. आणि ज्याला टाके घालायला कोणी नव्हतंच, त्या माणसाच्या वणावर शिडी यायचं कारणच नाही. रेवाला किनाऱ्यावर पोचायला दोन दिवस लागले. तिचा वण मध्ये रुंद, टोकांना निमुळता आणि टाक्यांशिवाय आहे.

भिवाचा हात ही वेगळी परीक्षा. डावा हात मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत भाजलेला. भाजल्याचा वण रेघ नसतो, तो प्रदेश असतो: कुठे चकचकीत, कुठे सुरकुतलेला, कुठे दोरीसारखा वर आलेला, आणि रंग सगळीकडे वेगळा. खोल भाजलं की भरताना कातडी आक्रसते. सांध्यावर असेल तर सांधा पूर्ण उघडत नाही. म्हणून भिवाचा हात कुठल्याच चित्रात सरळ नाही, आणि तो घण उजव्या हातानेच उचलतो. वण शरीराच्या हालचालीत उतरला पाहिजे, नाहीतर ती कातडीवरची नक्षी होते.

या कामाला क्रिटाचं ‘कलर स्मज’ ब्रशांचं कुटुंब अप्रतिम आहे. हे ब्रश खालचा रंग ओढतात आणि त्यात आपला मिसळतात, दोन्हीचं प्रमाण वेगवेगळं ठरवता येतं. मी रंगाचं प्रमाण जवळजवळ शून्यावर आणते आणि फक्त खालच्या तपकिरी-जांभळ्या डागांना आक्रसण्याच्या दिशेने ओढत नेते, मनगटाकडून कोपराकडे. तंतू आपोआप दिसायला लागतात. मग रूपांतराच्या अवजारातलं ‘लिक्विफाय’ घेऊन वणाच्या कडेची चांगली कातडी थोडी वणाकडे खेचते. या खेचण्यानेच पाहणाऱ्याला ताण जाणवतो. वणावरचा ओबडधोबड पोत हवा तेव्हा डब्ल्यू दाबून कॅनव्हास चारही बाजूंनी जोडून घेते, एक छोटा तुकडा रंगवते आणि त्याचा नमुना बनवून वापरते. कथा आजच्या काळातली असेल आणि पात्राला जाळीदार त्वचारोपण झालं असेल, तर त्या जाळीची खूणही याच पद्धतीने नीट उतरते. सगळीकडे सारखा नमुना मात्र पसरू नये. हाताच्या गोलाईवर तो वाकवावा लागतो, आणि त्यासाठी जाळी धरून वाकवायचं ‘मेश’ रूपांतर आहे. ते ४.४.२ या आवृत्तीपासून आलं.

यमाजीच्या खांद्यावर केलॉइड आहे. हा वण मूळ जखमेच्या हद्दीबाहेर वाढतो, गुळगुळीत आणि टणक असतो, गडद कातडीच्या माणसांत जास्त आढळतो. कानाची पाळी, छाती, खांदा या त्याच्या नेहमीच्या जागा. पूर्ण गोलाई, कडेला स्पष्ट सावली, वर लांबट ओली चमक. उंची दाखवायला क्रिटात ‘फाँग बंपमॅप’ नावाचं फिल्टर आहे, करड्या छटांवरून उठाव तयार करतं. मी ते वापरून पाहिलं आणि सोडून दिलं. चमक सगळीकडे सारख्याच नियमाने पडते आणि खांदा प्लास्टिकचा दिसतो. हाताने ठेवलेले तीन-चार उजेडाचे ठिपके जास्त खरे वाटतात.

आता वण आणि स्वभाव. चेहऱ्यावर वण म्हणजे खलनायक, ही सवय इतकी मुरलेली आहे की नवे चित्रकार न विचारता तिकडे वळतात. चेहऱ्यावर खुणा असलेल्या माणसांसाठी काम करणाऱ्या ‘चेंजिंग फेसेस’ या ब्रिटिश संस्थेने याविरुद्ध मोहीम केली, आणि २०१८ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने जाहीर केलं की ज्यात व्रणांमुळे खलनायक ओळखू येतो अशा चित्रपटांना पैसे देणार नाही. मला हा निर्णय मनापासून पटतो. रेवा माझ्या कथेतली सगळ्यात हसरी मुलगी आहे. ती हसते तेव्हा भुवई वर जाते आणि वणाजवळ ती थोडी कमी चढते. हे मला दर चित्रात नव्याने काढावं लागतं, आणि काढायला आवडतं. आपल्याकडे अश्वत्थाम्याची जखम सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती वण नाही. ती भरतच नाही, हाच तिचा अर्थ. तो रंगवायचा असेल तर ओल, सुजलेल्या कडा आणि न थांबणारा पाझर हवा, आणि इथे लिहिलेलं जवळजवळ सगळं बाजूला ठेवावं लागेल.

वण एकदा रंगवून थर उचलून दुसऱ्या चित्रात चिकटवायचा मोह क्रिटा फार सोपा करतं. थराची नक्कल करा, रूपांतराचा मास्क लावा, फिरवा. समोरून पाहिलेला चेहरा थोडा वळला तर हे निभतं. हसू, ओरडणं, झोप यांत कातडी घड्या घालते आणि वण त्या घड्यांबरोबर वाकतो. चिकटवलेला वण तिथे लगेच उघडा पडतो. मी जुना थर फक्त जागा मोजायला फिकट करून खाली ठेवते: डोळ्याच्या कोपऱ्यापासून किती, कानापासून किती. बाकी परत काढते. एम दाबून चित्र आरशासारखं उलटवायची सोय चुका शोधायला उत्तम आहे, पण वणवाल्या पात्राबाबत कोपऱ्यात ‘डावी भुवई’ असं लिहून ठेवावं. समोरासमोर उजव्या हाताने केलेला वार साधारणपणे डाव्या गालावर बसतो, त्यामुळे बाजू बदलली तर मारणाऱ्याचा हातही बदलतो.

उणिवा आहेत. मजकुराचं अवजार अनेक आवृत्त्यांत क्रिटाची लंगडी बाजू राहिलं आहे. संवाद मी दुसरीकडे घालते. तयार ब्रश शंभरावर आहेत आणि नव्या माणसाला त्यात बुडाल्यासारखं होतं. आठ-दहा निवडून स्वतःची खूणचिठ्ठी (टॅग) लावा, मग पेनाच्या बाजूच्या बटणाने उघडणाऱ्या गोल पॅलेटवर तेवढेच दिसतात. मोठा कॅनव्हास आणि भरपूर थर असले की मेमरी खूप लागते, म्हणून भिवाच्या हाताचे पोताचे थर काम झाल्यावर एकत्र करून टाकते. फोनच्या छोट्या पडद्यावर याची मांडणी दाटीवाटीची होते, टॅबलेटच हवा. ॲनिमेशनही आहे यात, माझ्या कामाचं नाही.

छापायचं असेल तर शेवटची पायरी चुकवू नका. पडद्यावरचे लाल-जांभळे रंग छपाईच्या चार शाईंत जसेच्या तसे उतरत नाहीत, आणि ताज्या वणाची सगळी जान नेमकी त्याच छटांत असते. कंट्रोल आणि वाय दाबलं की क्रिटा छपाईत चित्र कसं दिसेल याचा अंदाज पडद्यावरच दाखवतं, सोबत शिफ्ट धरलं तर न छापता येणाऱ्या जागा खूण करून देतं. तिथे लाली वाढवून उपयोग होत नाही. मी आजूबाजूच्या कातडीतला लालपणा थोडा उतरवते आणि वणाची सावलीची कड एक छटा गडद करते, म्हणजे शाई कमी पडली तरी वण कागदावर दिसतो.